हाड जुळल्यानंतर



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांनी या गावातल्या दोन पिढ्यांना मैदानावर पळवलं. व्यायामाबद्दल त्यांना जे सांगायचं होतं ते त्यांनी शिट्टी वाजवून सांगितलं. भाषणं फारशी केली नाहीत. त्यांच्या नावाच्या व्याख्यानमालेत बोलायचं तर विषय कामाचा हवा, असं मला वाटलं. मोठा अपघात झाला, हाड मोडलं, रॉड किंवा प्लेट बसवली, माणूस घरी आला. त्यानंतर त्याचं वाढलेलं वजन आणि गेलेली ताकद यांचं काय करायचं, हा माझा आजचा विषय. मी फिजिओथेरपिस्ट आहे. जे सांगणार आहे ते थोडं पुस्तकातलं आहे, आणि बरंचसं माणसांच्या खाटेशेजारी उभं राहून कळलेलं आहे.

आमच्याकडे रोज ऐकू येणारा प्रश्न म्हणजे "हाड जुळलं का?" आई विचारते, शेजारी विचारतात, नोकरीवरचा साहेब विचारतो. एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून सगळं घर ती पांढरी सावली न्याहाळतं. डॉक्टर म्हणतात, कॅलस, म्हणजे मोडल्या जागी येणारं नवं हाड, चांगलं धरलंय, आणि घरात पेढे येतात. त्यांचा आनंद खरा असतो, मलाही होतो. पण मांडीचं हाड जुळायला साधारण तीन ते सहा महिने लागतात. हाड एका जागी मोडलेलं असतं; अशक्तपणा मात्र तेवढ्या काळात सगळ्या अंगात शिरलेला असतो. हाड जुळतं तेव्हा उपचार निम्म्यावर आलेला असतो. उरलेला निम्मा आपल्याकडे कोणाच्याच ताब्यात नाही. सर्जनचं काम झालेलं असतं, विम्याची फाईल बंद झालेली असते, आणि घरच्यांना वाटतं, आता हळूहळू आपोआप होईल. आपोआप काय होतं ते मी सांगतो.

१९६६ साली अमेरिकेत डॅलस इथे विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आलं. त्यांना ना इजा होती ना आजार. फक्त उठायचं नाही, एवढीच अट. कमाल श्रम करताना शरीर जेवढा प्राणवायू वापरू शकतं, म्हणजे आपण ज्याला दम म्हणतो, तो तीन आठवड्यांत सुमारे २७ टक्क्यांनी घटला. हे संशोधन गाजलं. पण त्याची खरी मौज तीस वर्षांनंतर आहे. १९९६ मध्ये त्याच पाच जणांना शोधून पुन्हा तपासलं. आता ते पन्नाशीत होते. त्यांचं सरासरी वजन ७७ किलोंवरून १०० किलोंवर गेलं होतं आणि शरीरातली चरबी १४ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर. एवढं होऊनही तीस वर्षांनी वाढलेल्या वयाने त्यांचा दम जितका खाल्ला होता, त्याहून अधिक तारुण्यातल्या त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने खाल्ला होता.

मग त्यांना सहा महिने बेताबेताने वाढत जाणारा व्यायाम दिला. चालणं, हलकं धावणं, सायकल. सहा महिन्यांच्या शेवटी पन्नाशीतल्या त्या माणसांचा दम विसाव्या वर्षी, झोपवण्याच्या आधी होता तिथे परत आला. आणि वजन? ते सरासरी साडेचार किलोच उतरलं होतं. अपघातानंतर आरशासमोर उभं राहून हताश होणाऱ्या प्रत्येकाला मला हे सांगायचं असतं. दम आणि ताकद वजनाच्या आधी परत येतात, वजन मागाहून, सावकाश उतरतं. जो फक्त वजनकाट्याकडे बघत राहतो तो दुसऱ्या महिन्यात व्यायाम सोडतो, कारण शरीर सुधारत असतं आणि काटा मात्र हललेला नसतो.

विश्रांती हे औषध आहे. प्रत्येक औषधाला मात्रा असते आणि थांबवायची तारीख असते. आपल्या घरांत विश्रांतीची मात्रा कोणी ठरवत नाही. मुलगा कॉलेजहून येताना मोटरसायकलवरून पडला की आई त्याला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. जिने त्याला मरणाच्या दारातून परत आलेलं पाहिलं, तिला "त्याला उठू द्या" असं सांगणं अवघड असतं. पण सांगावंच लागतं. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तर हे सांगण्यात एक दिवस घालवणंही महाग पडतं. आजी न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं, की पूर्वी पायाला वजन लटकवून तिला कित्येक आठवडे पाठीवर झोपवत. हाड जुळायच्या आत न्यूमोनिया आणि शय्याव्रण तिला गाठत. आता शक्य तितक्या लवकर, शक्यतो एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया करतात आणि दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. नातवंडांना ते क्रूर वाटतं. आजीचा जीव त्यानेच वाचतो.

आता जेवणाकडे येतो, कारण वजनाचा खरा प्रश्न तिथे आहे, आणि तिथे दोन्ही बाजूंनी चुकतं.

ग्लासगोच्या रुग्णालयात १९३० च्या सुमारास डेव्हिड कथबर्टसन नावाच्या संशोधकाने पायाची हाडं मोडलेल्या रुग्णांची लघवी तपासली. हाड मोडल्यानंतर शरीरातून नायट्रोजन मोठ्या प्रमाणात बाहेर पडत होता, एकट्या जखमी जागेतून येईल त्यापेक्षा कितीतरी जास्त. याचा अर्थ असा की इजा झालेलं शरीर दुरुस्तीसाठी लागणारा माल स्वतःच्या धडधाकट स्नायूंतून काढतं. ज्या पायाला काहीच झालेलं नाही, त्याचेही स्नायू झिजतात. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत "पोट सुटायला लागलंय, रात्रीचं जेवण बंद" असलं काही करू नका. त्या काळात उपाशी राहणं म्हणजे स्नायूच जाळणं.

दुसरी चूक उलट्या बाजूची. बघायला येणारा प्रत्येक जण काहीतरी घेऊन येतो. डिंकाचे लाडू येतात, अळिवाचे येतात, शिरा येतो. आमच्या सांगली-कोल्हापूरकडे हाडांसाठी म्हणून पायाचा रस्सा आणि वर तुपाची धार. दहा ग्रॅम तुपात ९० कॅलरी असतात, हे त्या प्रेमाच्या वेळी कोण मोजणार? आणि खाटेवरचा माणूस तर हलतसुद्धा नाही. डिंकाचा लाडू वाईट नाही, हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर घरी जाऊन माझ्या नावावर भांडणं होतील. पण त्या लाडवांत तूप आणि गूळ भरपूर असतो आणि स्नायूंना हवी असतात ती प्रथिनं त्या मानाने थोडी. साठ किलोच्या माणसाला बरं होण्याच्या काळात रोज साधारण सत्तर ग्रॅम प्रथिनं मिळावीत; मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात आठ, वाटीभर घट्ट वरणात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सात. बेरीज करून बघा. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी भात आणि पातळ आमटी, संध्याकाळी पुन्हा तेच, अशा दिवसात चाळीसचा आकडा गाठतानाही दमछाक होते. म्हणून माणूस एकाच वेळी जाड होतो आणि अशक्तही होतो.

हे आपल्या शरीराच्या घडणीमुळे आणखी बिकट होतं. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीराच्या या घडणीवर आयुष्यभर काम केलं आहे. त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा: २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. फोटोत दोघेही सडपातळच दिसतात. आपल्याकडचा माणूस वजनात बसत असला तरी आतून चरबी बाळगून असतो आणि स्नायू मुळातच कमी. त्यात अपघात होऊन तीन महिने झोपणं आलं, की उरलेली पुंजीही जाते.

माझ्याकडे एक ट्रॅक्टरचालक आले होते. मांडीत रॉड. काट्यावर उभे राहिले आणि समाधानाने म्हणाले, वजन जेवढ्यास तेवढंच आहे, काही वाढलं नाही. मी टेप काढली. गुडघ्याच्या वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर खूण केली आणि दोन्ही मांड्या मोजल्या. मोडलेल्या बाजूची मांडी चार सेंटिमीटरने बारीक भरली. मग बेंबीच्या पातळीवर पोट मोजलं. पँटचं बटण लागत नव्हतं, दोरीवर भागवलं होतं. मांडीतलं गेलं होतं आणि पोटावर आलं होतं. काट्याला दोन्ही सारखंच. म्हणून माझा आग्रह आहे की घरात वजनकाट्याच्या आधी शिंप्याची टेप आणावी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, बाईची ८० च्या आत, आणि दोन मांड्यांमधला फरक महिन्यागणिक कमी व्हायला हवा.

ती मांडी कमावायची कशी, हे नीट सांगतो, कारण यात बहुतेकांचा धीर सुटतो. गुडघ्याला सूज आली की मांडीच्या पुढच्या स्नायूचा मेंदूशी असलेला संबंध मंदावतो. सुजेचं थोडंसं पाणीसुद्धा त्याला पुरतं. रुग्ण मनापासून जोर लावतो आणि स्नायू हलत नाही. त्याला वाटतं पाय कायमचा गेला. घरचे म्हणतात, हा प्रयत्नच करत नाही. दोघांचंही चूक असतं. टॉवेलची गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवायची आणि सांगायचं, गुडघ्याने टॉवेल खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. पहिल्या दिवशी काहीच होत नाही. रुग्णाचा स्वतःचा हात त्याच्या मांडीवर ठेवायला लावतो, म्हणजे स्नायू आवळला की त्यालाच कळेल. कधीतरी वाटीच्या वरच्या आतल्या बाजूला कातडीखाली एक बारीक हालचाल होते आणि वाटी अर्धा बोट वर सरकते. बाहेरच्याला ती दिसणारही नाही. ज्याच्या पायात ती होते त्याच्या चेहऱ्यावर मात्र लगेच दिसते. तिथून पुढे सरळ पाय उचलणं, मग खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, मग पायरी, मग सायकल.

दुखलं तर थांबायचं का, हेही लोक विचारतात. व्यायाम करताना थोडं दुखणारच. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर दुखणं आणि सूज आदल्या दिवसाइतकीच असेल तर चाललंय ते बरोबर आहे. सकाळी सूज वाढलेली असेल तर काल जास्त झालं. आज कमी करा, बंद करू नका. पोटरी अचानक सुजली, दुखू लागली किंवा धाप लागली, तर मात्र व्यायाम नाही, थेट दवाखाना; रक्ताची गाठ झालेली असू शकते.

चरबी उतरवण्याची वेळ त्यानंतर येते, भूक आणि चाल दोन्ही जागेवर आल्यावर. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. तासभर चालून दोन-अडीचशे जातात. हिशेब सरळ आहे: वजन मुख्यतः ताटातून उतरतं आणि ताकद व्यायामातून येते. आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी भरपूर. घाई केली तर मेहनतीने कमावलेले स्नायू पुन्हा जातात. आणि उतरलेला प्रत्येक किलो कामी येतो: गुडघे झिजलेल्या स्थूल माणसांच्या चालण्याचा अभ्यास करून दाखवलं गेलं आहे, की एक किलो वजन घटलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी घटतो.

हे सगळं सांगून झाल्यावर रुग्ण गप्प बसतात. त्यांच्या मनात असतं, हे माझ्याच्याने होणार आहे का? अशा वेळी मी आपल्या जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांचं नाव घेतो. पेठ इस्लामपूरचा हा मुलगा सैन्यात गेला, तिथे मुष्टियोद्धा म्हणून नाव कमावलं. १९६५ च्या युद्धात अंगात अनेक गोळ्या घुसल्या, एक पाठीच्या कण्यात. पाय गेले. पाण्यात उतरवलं गेलं ते उपचार म्हणून. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पोहून विश्वविक्रम केला आणि भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून दिलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. २०२४ च्या 'चंदू चॅम्पियन' चित्रपटानंतर आता मुलांनाही ते ठाऊक आहेत.

पाण्यातच का उतरवलं, हे चित्रपट पाहणाऱ्यांनी स्वतःला विचारावं. छातीभर पाण्यात शरीराच्या वजनाचा साधारण एक तृतीयांश भागच पायांवर येतो. जमिनीवर जे शरीर ओझं असतं ते पाण्यात हाताला ऐकू लागतं. आणि पॅरालिंपिकमागे एका डॉक्टरची जिद्द होती. लुडविग गुटमान हे नाझी जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू डॉक्टर. फेब्रुवारी १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये स्टोक मॅंडेव्हिलला त्यांनी मणक्याच्या जखमींचा विभाग सुरू केला. त्याआधी असे जखमी शय्याव्रणांनी आणि लघवीच्या संसर्गाने लवकरच मरतात, हे गृहीतच धरलेलं होतं. गुटमान यांनी दर दोन तासांनी कूस बदलायला लावली, रात्रीसुद्धा, आणि हात चालतात ना, मग चेंडू फेका, बाण मारा, असं सांगितलं. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी १६ जखमी सैनिक स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली. पॅरालिंपिकचं बीज ते. ज्या देशातून गुटमान यांना पळावं लागलं, त्याच देशात, त्या स्पर्धेनंतर चोवीस वर्षांनी, आपला पेठचा सैनिक पदक घेऊन उभा होता. हे वाचतो तेव्हा मला दरवेळी भरून येतं.

पेटकरांची जिद्द सगळे सांगतात, आणि ती होतीच. मी त्यांच्या मागे उभ्या असलेल्या व्यवस्थेकडेही बघतो. सैन्याने जखमी माणसाचं पुढचं आयुष्य आपली जबाबदारी मानली. पुण्यात सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून. आणि व्यवस्था असली तरी वेळ लागतोच. क्रिकेटपटू ऋषभ पंतला ३० डिसेंबर २०२२ ला अपघात झाला आणि मार्च २०२४ मध्ये तो पुन्हा आयपीएल खेळला. जवळजवळ पंधरा महिने, रोज, तज्ज्ञांचा ताफा हाताशी असताना. जगातली उत्तम सोय असलेल्या पंचविशीतल्या खेळाडूला जिथे एवढा वेळ लागला, तिथे आपल्या गवंड्याने, ड्रायव्हरने, शिक्षिकेने तीन महिन्यांत पूर्ववत व्हावं अशी अपेक्षा कशी धरायची? आणि तो ताफा त्यांना कुठून मिळायचा?

शिक्षिका म्हणालो, पण सगळ्यात हाल होतात ते मजुरी करणाऱ्या बायकांचे. पुरुष पडला की घर त्याच्याभोवती फिरतं. बाई पडली की घर तिची वाट बघत थांबतं. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ती दोनदा माझ्याकडे येते, तिसऱ्यांदा येत नाही. एसटीचं भाडं, बुडालेला रोज, आणि स्वयंपाक कोण करणार? खुर्चीतून उठायला गुडघा ९० अंशांहून थोडा जास्त वाकला तरी भागतं, तिथपर्यंत ती पोचलेली असते. पण तिचं आयुष्य खुर्चीवरचं नाहीच. भांगलणीला, संडासला उकिडवं बसावं लागतं, त्याला १३० अंशांच्या पुढे जावं लागतं. शेवटचे ते चाळीस अंश मिळवायला कोणी तिला वेळ देत नाही. मग ती कामं टाळते, बसून राहते, जाड होते आणि ऐकून घेते, "आरामात सुटलीस हो!" हे वाक्य इथून पुढे कोणी उच्चारू नये. ते ऐकून मी माणसं घराबाहेर पडायची थांबलेली पाहिली आहेत.

म्हणून संस्थेच्या पदाधिकाऱ्यांशी बोलून एक गोष्ट ठरवली आहे. सरांच्या शाळेची व्यायामशाळा सकाळी शाळा भरेपर्यंत रिकामी असते. तिथे समांतर दांड्या बसवतो आहोत, एक तीन पायऱ्यांचा लाकडी जिना, जाग्यावरच्या दोन सायकली आणि वेगवेगळ्या उंचीच्या खुर्च्या. एवढं पुरतं. माझ्याबरोबर आणखी दोन फिजिओथेरपिस्ट पाळीपाळीने येतील, पैसे लागणार नाहीत. येताना डिस्चार्ज कार्ड आणि शेवटचा एक्स-रे आणावा, आणि पायावर किती भार द्यायचा हे आपल्या सर्जनकडून कागदावर लिहून घ्यावं. त्याशिवाय आम्ही कोणाला उभं करणार नाही. पहिल्या दिवशी मांडी आणि कंबर टेपने मोजून वहीत लिहू, नंतर दर महिन्याला. येणारी घरातली बाई असेल तर तेवढ्या वेळाचं तिचं काम घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करायचं, आणि ते कोण करणार त्याचं नावही आम्ही त्याच वहीत लिहून घेणार आहोत.